थांबण्याची खूण

सभागृहातले दिवे मालवतात, रंगमंचावर एकच तिरपा झोत उतरतो आणि त्या झोतात धुळीचे सूक्ष्म कण तरंगू लागतात, तेव्हा आजूबाजूची माणसं मोबाईल उंचावून सज्ज होतात; मला मात्र त्या क्षणी ताज्या पिठाचा वास येतो. गरम, किंचित गोडसर, घशाला कोरड पाडणारा. त्या वासातून मग एक हात वर येतो, मनगटापाशी सैल, बोटं एकमेकांना चिकटलेली; आणि त्या हाताच्या मागून, पुष्कळ सावकाशीने, यायचं की नाही हे अजून ठरलेलं नसावं अशा बेताने, रेवतीचा आवाज येतो.

ती निओ सोल गाते. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा शाळेतून निवृत्त झाले होते, आणि आयुष्यभर भूगोल शिकवल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट नकाशात कुठे ना कुठे सापडतेच अशी माझी पक्की समजूत होती. "म्हणजे आत्म्याचं नवं गाणं का गं?" असं मी विचारलं, तर ती पोट धरून हसली. "काकू, आत्मा जुनाच आहे. बसायची पद्धत नवी." मग तिने मला समजावलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनांतून आणि दुःखांतून एक गाणं जन्माला आलं होतं. त्याच्या नातवंडांनी ते पुन्हा हाती घेतलं, त्याचा आवाज खाली आणला, त्याला मऊ, दाट सुरावटींची गादी घातली आणि ठेक्याला सांगितलं की बाबा रे, सरळ चालू नकोस, जरासा लंगड. गाणाऱ्याने त्या लंगडणाऱ्या ठेक्याच्याही थोडं मागून चालायचं. पोहोचायचं खरं, पण धावत नाही.

पुण्याच्या रसिकाला हे पचणं सोपं नाही. समेवर मान हलवण्याची तयारी तो पाळण्यातच करून ठेवतो, आणि ही मुलगी समेला उशिरा येते. एकदा माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, मांडीवर ताल धरून. दोन गाण्यांनंतर त्यांचा धीर सुटला. "ठेका चुकतोय हो हिचा." मी म्हटलं, "चुकत नाहीये. ती मुद्दाम मागून येते." त्यावर ते म्हणाले, "मग घरून लवकर निघायचं." तरीही ते शेवटपर्यंत बसले, आणि उठताना त्यांचा हात मांडीवर स्वस्थ पडलेला होता.

तिचं हे मागून येणं कुठून आलं, यावर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून झालं आहे. एका वार्ताहराला तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे एवढं कळलं, तर त्याने जात्यावरची ओवी थेट सातासमुद्रापार नेऊन पोहोचवली. रेवती तो लेख घेऊन माझ्याकडे आली ती धुमसतच. "ओवी? आमच्या गिरणीत? म्हणणार कोण, आणि म्हटली तरी ऐकणार कोण?"

तिचं खरं होतं. नारायण पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी भाऊंची, म्हणजे तिच्या वडिलांची, गिरणी होती, आणि ती चालू असली की बोळातल्या माणसांना एकमेकांचे फक्त ओठ हलताना दिसत. दार पश्चिमेकडे. हिवाळ्यातल्या उतरत्या दुपारी सूर्य त्या दारातून आत शिरे आणि हवेत तरंगणारं सगळं पीठ एकदम पेटल्यासारखं सोनेरी होऊन जाई. त्या सोन्यात भाऊ उभे असत: उंच, काटकुळे, एके काळी काही तरी रंग असलेला सदरा घातलेले. त्यांच्या भुवया तरुणपणापासूनच पिठाने पांढऱ्या होत्या, त्यामुळे त्या खरोखर कधी पांढऱ्या झाल्या हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'जाड की बारीक हे आधी सांगावे. नंतर सांगितल्यास ऐकू येणार नाही.' पेठेतल्या पाट्या वाचून वाचून कातडी निबर झालेली आम्ही माणसं. आम्हाला तो नेहमीचा तिरकसपणा वाटला. त्यात अक्षरशः खरं काही असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

रेवती प्राथमिक शाळेत असतानाच तिची आई गेली. त्यानंतर शाळा सुटली की ती गिरणीत येई आणि गिरणी बंद होईपर्यंत पोत्यांच्या थप्पीवर बसून असे. तिच्यासमोर तो पट्टा फिरायचा, मोटारीपासून जात्यापर्यंत ताणलेला, रुंद आणि काळा. त्या पट्ट्याला एका जागी सांधा होता. सांधा लहान चाकावरून गेला की एक ठोका पडे आणि मोठ्या चाकावरून गेला की दुसरा. पण दोन ठोक्यांमधलं अंतर कधी सारखं नसे. एक आखूड, एक लांब. टक, ट-टक. लंगडा, पण कधी न चुकणारा. त्या गोंगाटात पोर गाणी म्हणायची. ठोक्यावर स्वर लावला तर तो दळून निघायचा, स्वतःलाही ऐकू यायचा नाही. म्हणून ती ठोका पडून जाऊ द्यायची आणि मागे जी एवढीशी पोकळी उरते, तिच्यात आपला स्वर ठेवायची. पुढे कोणत्याही गुरूने तिला याहून वेगळं काही शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

आणि हात. गिरणीत बोलणं अशक्य, म्हणून बापलेकीची एक हातांची भाषा होती. अंगठा बोटांवर चोळला की बारीक. मूठ उघडून मिटली की जाड. तर्जनी डोक्यावर गोल फिरवली की पट्टा घसरतोय. पाच बोटं जुळवून ओठांकडे नेली की जेवलीस का. आणि त्यानंतर हात दाराच्या दिशेने लांबवला की तू हो पुढे, मी मागून येतो. या सगळ्यांत महत्त्वाची खूण एकच होती. पालथा हात खांद्याइतका उचलायचा आणि छातीसमोरून सावकाश आडवा बाहेर न्यायचा. म्हणजे थांबव, दाणा संपला. जात्यात दाणा नसताना दगड फिरत राहिले तर दगडावर दगड घासतो, ठिणग्या उडतात, जातं कामातून जातं. ती खूण दिसली की हातातलं काहीही टाकून भाऊ मोटारीच्या खटक्याकडे धावत. मी डबा घेऊन रांगेत उभी असे, त्यामुळे ही भाषा मलाही आपोआप येऊ लागली. आम्ही कोथरूडला राहायला गेलो तरी दळण मी बसने नारायण पेठेतच आणायची. सून म्हणे, "आई, आपल्या सोसायटीच्या खालीच गिरणी आहे." असेल. पण ते बाजरीवर गहू टाकतात.

अशा त्या पिठातून रेवती वाढली. कॉलेजात तिला इम्रान भेटला, कॅम्पातल्या एका जुन्या घड्याळजीचा मुलगा, जो ड्रम वाजवायचा आणि ज्याला वेळेवर काहीही करण्याचा मनापासून तिटकारा होता. तिने त्याला एकदा गिरणीत आणलं आणि पट्ट्यासमोर उभं केलं. तो कितीतरी वेळ डोळे मिटून ऐकत राहिला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "यार, हे सगळं आधीच इथे होतं?" त्या दिवसापासून त्यांचा ठेका ठरला. सुरुवातीला ती कोथरूडमधल्या एका कॅफेत गायची, जिथे कॉफीचं यंत्र तिच्याहून मोठ्याने फुसफुसे आणि ती हसून त्या फुसफुशीलाही गाण्यात सामावून घेई. मग हडपसरला, कंपन्यांच्या आवारात, शुक्रवारच्या संध्याकाळी; गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली मुलं हातात समोशाची बशी घेऊन उभी असत आणि पहिल्या गाण्यात बोलत, दुसऱ्यात कुजबुजत, तिसऱ्यात बशी खाली ठेवत. इंग्रजीतून ती मराठीत आली. 'व्हा पुढे, मी मागून येते' हे तिचं स्वतःचं गाणं तिथेच कुठे तरी पहिल्यांदा गायलं गेलं, आणि ते मोबाईलमधून मोबाईलमध्ये असं पसरलं की माझ्या नातवाने मलाच ते ऐकवून विचारलं, "आजी, ही कोण आहे माहितीये?" मी म्हटलं, "हिचं नाक मी पुसलंय."

मी तिला पुष्कळदा ऐकलं. माझ्या वयाच्या बायकांनी अशा जागी जाणं शोभत नाही, असं सुचवणारे नातेवाईक मला आहेत. त्यांना मी दिवाळीत चकली देते, ऐकत मात्र नाही. माघातल्या थंडीत, नदीपलीकडच्या एका उघड्या मैदानावर ती गात होती आणि प्रत्येक शब्दाबरोबर तिच्या तोंडातून वाफ निघत होती, त्यामुळे शब्द आधी दिसत आणि मग ऐकू येत. वैशाखात, वीज वारंवार जाणाऱ्या एका गच्चीवर, तिने घामाने चिकटलेले केस मानेवरून उचलून धरले आणि एकच स्वर एवढा लांबवला की शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांनी खिडकी उघडली. ओरडायला उघडली असावी. पण ते ओरडले नाहीत, खिडकीतच बसले. ती गात असताना तिचे हात सतत हलत. कुणी त्याला नृत्य म्हटलं, कुणी मुद्रा म्हटलं, एका समीक्षकाने तर त्यात 'देहाची स्वतंत्र लिपी' पाहिली. मी ती वाचत असे. ती कधी बारीक म्हणत होती, कधी जाड, कधी पट्टा घसरतोय, आणि हे सगळं तिच्या गावीही नव्हतं.

भाऊ मात्र कधी येत नसत. मुंबईचे लोक तिला ऐकायला आले, बंगळूरचे आले, परदेशातून बोलावणी आली, आणि गिरणीतून दोघांच्या घरी दीड मिनिटात चालत येणारा माणूस तिच्या गाण्याला येत नव्हता. संध्याकाळी गिरणीवर गर्दी असते, हे कारण. ती हसून सोडून द्यायची, पण प्रत्येक कार्यक्रमात ती पहिल्या रांगेतली एक खुर्ची मोकळी ठेवायला लावी आणि पडदा उघडला की तिची नजर आधी तिथे जाई. "त्यांना आवडत नाही, काकू," ती एकदा म्हणाली. "नसेल आवडत. पण एकदा ऐकून तरी नाही म्हणावं." एवढंच तिला हवं होतं. सगळ्या टाळ्यांच्या बदल्यात ते एकदा ऐकणं तिने घेतलं असतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि पाहून जीव तुटत होता.

मग शहरातल्या एका मोठ्या नाट्यगृहात तिचा पहिला पूर्ण कार्यक्रम ठरला, आणि मी पदर खोचला. गिरणी बंद व्हायच्या वेळेला जाऊन भाऊंच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "या वेळी कारण चालणार नाही." भाऊंनी माझ्या तोंडाकडे रोखून पाहिलं, त्यांची ती सवयच होती, आणि म्हणाले, "येतो. पण बाई, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं." मला बरं वाटलं.

ते इस्त्रीचा सदरा घालून आले. रंगमंचाच्या अगदी कडेला, पायऱ्यांपाशी, आम्हाला जागा मिळाली. पहिलं गाणं संपलं, मी टाळ्या वाजवल्या, क्षणभराने भाऊंनीही वाजवल्या. दुसऱ्या गाण्यात एक शांत जागा आली, मी केस सारखे करायला हात उचलले, तर भाऊंनी एकट्यानेच टाळी वाजवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते माझ्या हातांकडे पाहून टाळ्या वाजवत होते. गोंगाटात आयुष्य काढलेल्या त्या माणसाच्या कानात आता काही शिल्लक नव्हतं. थोडं कमी ऐकू येतं असं सगळे म्हणत, आणि ते थोडं किती मोठं आहे हे त्यांनी लेकीलाही कळू दिलं नव्हतं. एवढी गाणारी मुलगी, आणि बाप बहिरा, हे तिला समजलं तर तिच्या गाण्याला नजर लागेल, असं काहीसं ते मला नंतर म्हणाले. त्या क्षणी मात्र ते ओठ किंचित उघडे ठेवून फक्त तिच्या हातांकडे पाहत होते, आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला दुसरीकडे पाहावं लागलं. त्यांना सगळं कळत होतं. बारीक. जाड. बारीक.

शेवटी 'व्हा पुढे' आलं. त्या गाण्यात एक जागा अशी येते की शब्द संपतात, वाद्यं चढत जातात आणि तिचा आवाज नुसताच वर वर जात राहतो. तिथे, डोळे मिटून, तिने पालथा हात खांद्याइतका उचलला आणि छातीसमोरून सावकाश आडवा बाहेर नेला.

भाऊ उठले. मी त्यांचा सदरा धरायच्या आत ते पायऱ्या चढले होते. त्या वयात एवढ्या चपळाईने कुणी चढलेलं मी पाहिलेलं नाही. पडद्याआड विजेचा मोठा फलक होता. त्यांनी दोन्ही हातांनी मुख्य खटका खाली ओढला. दिवे गेले, स्पीकर गेले, वाद्यं गेली. मिट्ट काळोखात रेवतीचा उघडा आवाज क्षणभर तसाच वर तरंगत राहिला, आणि मग तोही तुटला.

त्यानंतरचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. दिवे आले, पण कार्यक्रम परत उभा राहिला नाही. विंगेत भाऊ अंग चोरून उभे होते, आणि रेवती खाली मान घालून रडत त्यांना विचारत होती, "का केलंत भाऊ? आवडत नव्हतं तर यायचं नव्हतं." मान खाली असल्यामुळे तिचे ओठ त्यांना दिसेनात. ते एवढंच म्हणाले, "तूच सांगितलंस ना?" ती ताडकन वर पाहून म्हणाली, "मी? मी काय सांगितलं?" आणि उत्तर न ऐकता निघून गेली. मी तिच्या मागे गेले, खूण समजावून सांगितली. तिने मला तोडलं. "काकू, त्यांची बाजू घेऊ नका. मी गाताना असले हात करत नाही." माणसाला स्वतःचे हात दिसत नाहीत, हेच खरं.

तिने हडपसरला, इम्रानच्या सराव-खोलीजवळ, भाड्याने जागा घेतली. बोळात येणं थांबलं. भाऊ दळण दळत राहिले. फक्त आता ते गिऱ्हाइकांच्या तोंडाकडेही पाहत नसत, त्यामुळे जाड मागितलेलं बारीक होऊ लागलं आणि पेठेतल्या बायका कुरकुरू लागल्या. मी दोन्हीकडे खेटे घातले. भाऊ म्हणत, "बाई, तिला सांगू नका मला ऐकू येत नाही म्हणून." आणि मी ते सांगितलं नाही, कारण ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. पण इम्रानला म्हटलं, "तुमच्या त्या कार्यक्रमाचं चित्रण असेल ना? तिला ते आवाज बंद करून दाखव." तो म्हणाला, "बस, आवाज बंद करून?" "हो. फक्त बघायला लाव."

त्याने दाखवलं. नंतर तो मला सांगत होता की ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, कपाळाला आठ्या घालून. आणि पडद्यावर तिचे हात हलू लागले तसे खुर्चीतल्या रेवतीचे ओठही हलू लागले. बारीक. जाड. पट्टा. ती वाचत होती. शेवटच्या खुणेपाशी तिने स्वतःच हात लांब करून चित्रण थांबवलं, आणि म्हणाली, "भाऊंना ऐकू येतच नव्हतं. ते माझे हात वाचत होते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गिरणीतच होते. मार्गशीर्षातलं ऊन दारातून आत आलेलं, पीठ सोनेरी झालेलं, पट्टा चालू. दारात रेवती येऊन उभी राहिली. भाऊंनी वर पाहिलं. मधे जातं गरगरत होतं आणि दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं, त्यामुळे ती दोघं एकदम बरोबरीला आली. गिरणीच्या भाषेत माफीला खूण नाही. कशाला असेल? चुकलं तर पुन्हा दळायचं, एवढीच तिथली रीत. रेवतीने पाच बोटं जुळवून ओठांकडे नेली. जेवलात का? भाऊंनी खटका ओढला नाही, डोळे पुसले नाहीत. फक्त हात दाराच्या दिशेने लांबवला. तू हो पुढे, मी मागून येतो. माझा डबा त्या दिवशी तसाच राहिला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढचं पुण्याला माहीत आहे, कारण माहीत आहे असं सगळे सांगतात. तिच्या कार्यक्रमात भाऊ रंगमंचाच्या कडेला, विंगेत, खुर्ची टाकून बसू लागले. 'व्हा पुढे' मध्ये शब्द संपून आवाज वर चढला की रेवतीचा हात उठे, आडवा बाहेर जाई, आणि भाऊ खटका ओढत. सगळा उजेड, सगळी वाद्यं एकदम बंद. त्या काळोखात, माईकशिवाय, ती शेवटचं कडवं गायची, आणि हजारभर माणसं श्वास रोखून ऐकायची. ध्वनिव्यवस्थेच्या मुलांनी भाऊंना दिवे आणि स्पीकर तेवढे जोडलेला एक छोटा खटका करून दिला होता. भाऊंनी तो वरखाली करून पाहिला आणि म्हणाले, "हे खेळण्यातलं आहे." मग गुडघ्यांनी दगा दिला आणि घरोघरी दळणाची यंत्रं आली, तेव्हा त्यांनी गिरणी बंद केली, आणि बंद केल्या दिवशी तिथला लोखंडी दांड्याचा खटका काढून आणला. तो फळीवर बसवला. तेव्हापासून दौऱ्यात तबला-पेटीसारखा तोही जाऊ लागला. एका विमानतळावर त्याची कसून तपासणी झाली. रेवतीने सांगितलं, "हे आमचं वाद्य आहे."

भाऊंना एकही स्वर ऐकू येत नसे, पण मत मात्र त्यांना असे. कार्यक्रम संपला की ते लेकीसमोर हात धरत. कधी अंगठा बोटांवर चोळत, कधी नुसतीच मूठ उघडून मिटत. जाड मिळालं की ती दिवसभर तोंड पाडून बसे. "हातांकडे बघून ठरवतात, काकू. मला माहितीये. पण आज खरंच जाड होतं."

भाऊ गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेले, झोपेतच, कुणाला हाक न मारता. गिरणीच्या जागी आता केकचं दुकान आहे. तिथेही पीठच आहे म्हणा, पण आवाज येत नाही. मी अजून पिशवी घेऊन कधी कधी त्या बोळात जाते आणि काहीही न घेता परत येते.

या हिवाळ्यात रेवती पुन्हा त्याच नाट्यगृहात गायली. मी त्याच खुर्चीवर होते, पायऱ्यांपाशी, त्यामुळे मला विंगेतलं दिसत होतं. तिथे रिकामी खुर्ची होती आणि तिच्याजवळ फळीवरचा खटका. इम्रानने आधीच विचारलं होतं, खटक्यावर कुणाला बसवायचं. कुणालाच नाही, अशी तिने मान हलवली होती. आम्हाला वाटलं, ती ते गाणंच गाळणार.

तिने ते शेवटी घेतलं. लोकांना ती जागा माहीत होती. कितीकांनी मोबाईल खाली केले, काळोखाची तयारी म्हणून. शब्द संपले. वाद्यं चढली. रेवतीने डोळे मिटले, पालथा हात खांद्याइतका उचलला आणि छातीसमोरून, नेहमीपेक्षाही सावकाश, आडवा बाहेर नेला.

उजेड तसाच राहिला.

ती हात लांबवून उभी होती आणि झोत तिच्यावर स्थिर होता. त्यात धूळ तरंगत होती. वाद्यं एकेक करून आपोआप गप्प झाली. फक्त इम्रानचा लंगडा ठेका, अगदी खाली, चालू राहिला. टक, ट-टक. कुणी तरी खोकलं. मी विंगेकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि पाहिलं. रेवतीनेही पाहिलं. मग तिने लांबवलेला हात परत आणला, पाच बोटं जुळवली आणि एकदाच ओठांपाशी नेली. सभागृहात ती खूण वाचता येणारी मी एकटीच होते. त्यानंतर लख्ख प्रकाशात, काहीच झाकलेलं नसताना, ठोका पडून जाऊ देत तिने शेवटचं कडवं म्हटलं: व्हा पुढे, मी मागून येते.

दाणा संपला तरी दगड फिरत राहतात. खटका ओढणारा माणूस निघून जातो, आणि मग त्या फिरण्यालाच आपण आठवण म्हणतो.